काळ्या पडद्यावरचा उंबरा

मालगुंडला पावसाळ्यात लाईट जाते, ही काही बातमी नव्हे. एखादा दिवस गेली नाही तर ती बातमी. आमच्या घरी मात्र गेले दोन पावसाळे लाईट गेली की वेगळीच पंचाईत व्हायची. अब्बांचा लॅपटॉप बंद पडायचा. त्याची बॅटरी केव्हाच निकामी झालेली, वायर लावलेली असेल तोवरच चालतो. लाईट आल्यावर परत सुरू केला की काळ्या पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, करड्या बारीक अक्षरांत, इंग्रजीतून नाव विचारत तो थांबून राहायचा. आणि अब्बांना तो कोपराच दिसत नसे.

अब्बांना काचबिंदू आहे. यात बहुतेकांच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि नजरेच्या नसेला इजा होत जाते. नजर कडांनी झिजते आणि गेलेली परत येत नाही. रोज वेळेवर थेंब घालून उरलेली राखायची, एवढंच हातात असतं. अब्बा सांगतात, पाइपातून बघितल्यासारखं दिसतं. समोरचं स्पष्ट, बाजूचं नाहीच. पांढराशुभ्र पडदा त्यांना टोचतो, म्हणून मोबाइल हातात घेतला की दोन मिनिटांत ठेवून देतात. पण काळ्यावर पांढरं ठळक अक्षर असलं तर तासभर वाचतील.

म्हणून तर हा लॅपटॉप त्यांना आवडला. तो आला मुंब्र्याहून, आमच्यातल्या मधल्याच्या कामाच्या ठिकाणी भंगारात काढलेला. त्यावर नेहमीचं खिडक्या-चित्रांचं काही चालेना, माऊस हलवला तरी धापा टाकायचा. मग धाकट्याने त्यावर डेबियन लिनक्स टाकलं आणि चित्रांचा भाग टाकलाच नाही. नुसता काळा पडदा आणि अक्षरं. आम्हाला वाटलं, अब्बा म्हणतील हे काय भिकार आणलंत. ते खूश झाले. म्हणाले, "अरे, हा तर आमचा ऑफिसातला कॉम्प्युटर!"

रत्नागिरीतल्या एका कार्यालयात ते लिपिक होते. टाईपरायटरवर सुरुवात केली, नव्वदीच्या दशकात टेबलावर कॉम्प्युटर आला, तो असाच काळ्या पडद्याचा. आता निवृत्तीनंतर आंब्याच्या बागेचा हिशेब ते या लॅपटॉपवर ठेवतात. आमची स्वतःची कलमं थोडी. पण शेजारची दोन घरं कुवेतला असतात आणि त्यांच्या बागांची देखरेख अब्बांकडे आहे. फवारणीला काय लागलं, गड्यांना किती दिले, वाशीला किती पेट्या गेल्या, भाव काय आला, सगळं एका साध्या फाइलीत, इंग्रजी मोठ्या अक्षरांत आणि आकड्यांत. वर्षाला दोन्ही घरांना त्याची प्रत जाते.

अडायचं ते फक्त दारात. लाईट दिवसातून चारदा गेली तर चारदा नाव आणि पासवर्ड. प्रश्न कुठे विचारलाय ते सापडत नाही, बटणं शोधण्यात वेळ जातो. शेवटी अब्बा मोहल्ल्यातल्या एखाद्या पोराला हाक मारायचे आणि पासवर्ड मोठ्याने सांगायचे. पोरगं टाइप करून पळायचं. एकदा त्यातल्याच एकाने भर रस्त्यात तो पासवर्ड आमच्या थोरलीला गाणं म्हटल्यासारखा ऐकवला. ती हसली, पण घरी येऊन आम्हाला सांगताना तिचा आवाज बदलला होता.

मधला म्हणाला, पासवर्डच काढून टाकू. सुरू केला की सरळ आत. तशी सोय असते, एका ओळीचं काम आहे. अब्बांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. "दोन घरांचा हिशेब आहे त्यात. अमानत आहे. अमानतीच्या कपाटाला कुलूप नको म्हणतोस?" मग थोडं थांबून म्हणाले, "आणि किल्ली माझ्याकडे हवी. पोरांकडे नको, तुमच्याकडेही नको."

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. बकरी ईदला आम्ही तिघंही घरी होतो. थोरली रत्नागिरीहून सासरची माणसं आटपून आली होती, मधला मुंब्र्याहून, धाकट्याची कॉलेजची सुट्टी. कुर्बानीचं वाटप झालं, जेवणं झाली, पाऊस लागला होता आणि बाहेर जाण्यासारखं नव्हतं. म्हणून बसलो. अक्कल धाकट्याची, उरलेल्या दोघांचे सल्ले.

आधी अक्षर मोठं केलं. काळा पडदा म्हणजे गणिताच्या वहीतला चौकटींचा कागद समजा. एका घरात एक अक्षर, त्याहून जास्त नाही, कमी नाही. डेबियनमध्ये या घरांचा आकार निवडता येतो. टर्मिनस नावाच्या अक्षरवळणात सगळ्यात मोठं घर १६ ठिपके रुंद आणि ३२ ठिपके उंच असतं. अब्बांचा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा. भागाकार केला तर आडवी ८५ घरं आणि उभ्या २४ ओळी. अब्बांनी डोळे बारीक न करता अक्षर वाचलं. निम्मं काम झालं असं आम्हाला वाटलं.

झालं नव्हतं. अक्षर मोठं झालं तरी होतं कोपऱ्यातच. पाइपातून बघणारा माणूस आधी पडद्याच्या मध्यावर बघतो, तिथे काळोख. मग तो वर-खाली, डावी-उजवीकडे पाइप फिरवत बसतो. त्याला काहीतरी मोठी खूण हवी, आधी ती सापडेल आणि मग तिच्या खालोखाल प्रश्न. रात्री अंधारात घरी येणारा माणूस आधी छपराची कड बघतो, मग पायरी, मग कडी. तसं.

त्यासाठी जागा आहे. नाव विचारण्याआधी कॉम्प्युटर एक साधी मजकुराची फाइल वाचून पडद्यावर दाखवतो. तिचं नाव 'इश्यू'. आत शिरल्यावर दुसरी दाखवतो, तिचं नाव 'एमओटीडी', म्हणजे आजचा निरोप. पहिली दाराबाहेरची पाटी, दुसरी ओटीवरची. एरवी बाहेरच्या पाटीवर असतं ते फक्त डेबियनचं नाव, आवृत्तीचा आकडा, मशीनचं नाव आणि पडद्याचा क्रमांक. आतल्या पाटीवर इंग्रजीत लिहिलेलं असतं की हे सगळं मोफत असून आम्ही कसलीही हमी घेत नाही. घरात पाऊल टाकल्या टाकल्या हे ऐकायला कुणाला आवडेल? दोन्ही पाट्या बदलता येतात. अनेक हौशी लोक बदलतात, कुणी आपल्या कंपनीचं नाव लिहितं, कुणी अक्षरांचीच चित्रं काढतं. आम्हाला आजवर हा रिकामपणाचा उद्योग वाटायचा.

बाहेरच्या पाटीवर आम्ही माड काढायचं ठरवलं. कोकणातलं घर म्हणजे माड हवाच. खोडाला उभ्या रेघा, झावळ्यांना तिरक्या, आणि झावळ्यांची टोकं दाखवायला इंग्रजी व्ही. थोरलीने तासभर खपून कागदावर काढला, धाकट्याने जसाच्या तसा टाइप केला. मशीन परत सुरू केलं आणि आम्ही बघतच राहिलो. उजव्या बाजूच्या झावळ्या गायब, माड एका कुशीवर कललेला, आणि एका झावळीतून इंग्रजी शब्दांची लांबच लांब माळ लोंबतेय, तिच्यात कसलीशी तारीख. मधल्याला वाटलं व्हायरस.

व्हायरस नव्हता, आमचं अज्ञान होतं. या फाइलीत उलटी तिरकी रेघ म्हणजे हुकूम असतो. तिच्यापुढे डी लिहिला तर मशीन आजची तारीख लिहितं, टी लिहिला तर वेळ, एन लिहिला तर मशीनचं नाव. आणि व्ही लिहिला तर आतली प्रणाली कधी बांधली त्याची तारीखवार माहिती. आमच्या झावळीच्या टोकाला नेमका व्ही होता. उलटी रेघ खरोखर काढायची असेल तर ती दोनदा लिहायची असते. कळल्यावर सोपं आहे. पण तोवर अम्मी येऊन बघून गेली होती आणि म्हणाली होती, "माड पडला की तुमचा."

माड दुरुस्त झाला, पण अब्बांच्या कामाचा निघाला नाही. बारीक रेघांचं चित्र त्यांच्या पाइपात मावेना. ते म्हणाले, "रेघा दिसतात, माड दिसत नाही." तेव्हा ठरलं, चित्र नको, ठळक अक्षर हवं. आणि अक्षर तर आपलं हवं, मराठी. एक शब्द पुरे. सलाम.

धाकट्याने मराठीत 'सलाम' लिहिलं. पडद्यावर एकसारखे चार ठोकळे उमटले. स, ल, काना आणि म. चार चिन्हं, चार ठोकळे.

धाकटा म्हणाला, अब्बा, या काळ्या पडद्यावर मराठी येत नाही, कधीच येत नसते. त्यावर अब्बा जे म्हणाले ते आम्ही आधी मनावर घेतलं नाही. "आमच्या ऑफिसात यायची."

आम्हाला वाटलं, वयाचा परिणाम. तीस वर्षांपूर्वीच्या खटाऱ्यावर यायची आणि आज येत नाही, असं कसं होईल? पण अब्बा ठाम. एवढंच नाही, त्यांनी टेबलावर बोटं ठेवली आणि कीबोर्ड नसताना टाइप करून दाखवलं. "स कुठे, एमच्या बटणावर. ल एनवर. काना ईवर. म सीवर. जिस्टचं कार्ड होतं आमच्या कॉम्प्युटरात."

धाकट्याने रात्री शोधून वाचलं, आणि सकाळी नाश्त्याला सगळ्यांसमोर कबूल केलं की अब्बांचं बरोबर आहे. आयआयटी कानपूरमध्ये ऐंशीच्या दशकात भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणण्याचं काम सुरू झालं. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि ते काम तिथे गेलं. त्यातून जिस्ट कार्ड निघालं. कॉम्प्युटरचं झाकण उघडून आतल्या खाचेत हे कार्ड बसवायचं, की डी-बेस, वर्डस्टार असल्या इंग्रजीसाठी बनलेल्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी दिसायची. त्यासाठी 'इस्की' नावाचा संकेत होता, तो १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झाला. देवनागरी, गुजराती, बंगाली, तमिळ सगळ्यांना एकच संकेत, त्यामुळे तोच मजकूर एका लिपीतून दुसरीत फिरवता यायचा. उर्दू या साच्यात बसणारी नव्हती, तिच्यासाठी वेगळा संकेत करावा लागला. आज आपल्या मोबाइलमध्ये मराठी अक्षरं ज्या क्रमाने बसवलेली असतात, तो क्रमही मुळात इस्कीचाच. अब्बा ज्या बटणांबद्दल बोलत होते त्या मांडणीचं नाव इन्स्क्रिप्ट, आणि ती अजूनही प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असते, फक्त कुणी ती चालू करून बघत नाही.

मग आता का येत नाही? तर लिनक्सचा काळा पडदा फार साधा आहे. त्याच्या पिशवीत एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात. तेवढ्यात देवनागरीचे आकार एक वेळ भरताही येतील, पण खरी अडचण जुळणीची आहे. 'कि' लिहिताना आपण आधी क टाइप करतो, मग वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. जोडाक्षरात दोन-तीन चिन्हांचा एकच आकार व्हायला हवा. ही शिलाई जिस्टचं कार्ड करत असे. लिनक्सचा पडदा करत नाही, तो एका घरात एक चिन्ह ठेवून पुढे जातो. डेबियनच्या अक्षरांच्या यादीत अरबी आहे, हिब्रू आहे, थाई, लाओ, इथिओपियाची लिपीसुद्धा आहे. देवनागरी नाही. हे वाचून अब्बा काही बोलले नाहीत, चहाचा कप पुढे केला फक्त.

यादीत अरबी आहे म्हटल्यावर अम्मी म्हणाली, मग बिस्मिल्लाह लिहा. धाकट्याने करून बघितलं. अक्षरं आली, पण एकमेकांचा हात सोडून, सुटी सुटी, आणि डावीकडून उजवीकडे. अम्मीने एक नजर टाकली आणि म्हणाली, "पुसा ते. लगेच." कुराणाच्या शब्दांची अशी मोडतोड तिला बघवली नाही, आणि आम्हालाही नाही. थोरलीने एक वाट सुचवली होती. मुरब्बा कूफी म्हणून अरबीचं एक वळण आहे, सगळी अक्षरं सरळ रेघांची आणि काटकोनांची. समरकंद, इस्फहानच्या मशिदी-मदरशांच्या भिंतींवर विटा-फरशा बसवून अशी अक्षरं केलेली आहेत. विटेत होतं ते ठोकळ्यांत होईल. होईलही. पण त्याच पडद्यावर खाली 'लॉगिन इनकरेक्ट' येणार, मशीन झटक्यात बंद होणार, त्यावर डबा-पिशवी ठेवली जाणार. अम्मी म्हणाली नको, आणि तो विषय तिथे संपला.

पण विटांचं बोलणं वाया गेलं नाही. अम्मी थोड्या वेळाने माजघरातून तिची जुनी पिशवी घेऊन आली. लग्नाआधी तिने मॅटीच्या कापडावर भरतकाम केलं होतं. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, मॅटीवर वाकडी रेघ नसतेच. एका घरात एक टाका. गुलाबाची पाकळीसुद्धा पायऱ्या-पायऱ्यांनी गोल करायची. अम्मीने आमच्याकडून चौकटींचा कागद मागवला, चष्मा लावला आणि म्हणाली, "किती घरं आहेत तुमच्याकडे?"

८५ आडवी, २४ उभी.

तिने आधी शिरोरेघ काढली, सरळ एक ओळ. मग स. स सोपा नाही. त्याचा डावीकडचा वळसा आणि खाली येणारी शेपटी, यातच तिची तीन पानं गेली. ल ला दोन गाठी. काना आणि म त्यामानाने बिनघोर. धाकट्याने भरलेल्या प्रत्येक घरासाठी एक ठोकळा टाइप केला. ठोकळा हे चिन्ह या पडद्याच्या जुन्या सामानातलंच आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि पडद्यावर 'सलाम' आलं. आलं खरं, पण उपाशी माणसासारखं उंच आणि लुकडं. कारण कागदावरचं घर चौरस, पडद्यावरचं रुंदीच्या दुप्पट उंच. आम्ही तिघं हिशेब मांडत बसलो. अम्मी म्हणाली, "एका टाक्याला शेजारची दोन घरं घ्या की." घेतली. सलाम बाळसेदार झालं.

अब्बांना बोलावलं. ते समोर बसले, पाइप फिरवावा लागला नाही. शिरोरेघ धरून डावीकडून उजवीकडे गेले आणि वाचलं, "सलाम." काळ्या पडद्यावर इतक्या वर्षांनी मराठी. आम्हाला वाटलं आता शाबासकी. ते म्हणाले, "पण सलाम कोण कुणाला करतंय?"

आम्हाला कळेना.

"बाहेरून येतो त्याने सलाम करायचा. घर जवाब देतं. तुम्ही घरालाच आधी सलाम करायला लावलाय. लहानपणी शिकवलं होतं ना?"

शिकवलं होतं. मधला हसायला लागला, थोरली नाही. अम्मीने तिचे तीन-चार तास गेलेला कागद उलटा करून ठेवला, आणि आम्हाला वाटलं आता ती चिडणार. ती चिडली नाही. तिने विचारलं, मग बाहेर काय आणि आत काय?

बाहेर छप्पर. ठोकळ्यांचंच, कौलारू घरासारखं, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतं, आणि त्याखाली डावीकडून उजवीकडे जाड उंबरा, दोन ओळी भरून. उंबऱ्याच्या लगेच खाली प्रश्न येतो. अब्बांनी छप्पर बघितलं की नजर आपोआप उंबऱ्यावर उतरते आणि प्रश्न तिथेच असतो. मशीनचं नाव धाकट्याने 'मालगुंड' ठेवलंय, त्यामुळे प्रश्नात गावाचं नाव येतं. तेही रोमन अक्षरांत, कारण मशीनच्या नावात देवनागरी चालत नाही. आमच्या गावाला बाहेरचे लोक ओळखतात ते केशवसुतांमुळे. १८६६ साली इथे जन्मले. त्यांचं स्मारक गावात आहे, १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हातून त्याचं उद्घाटन झालं. गणपतीपुळ्याला आलेली माणसं वाट वाकडी करून ते बघायला येतात. त्या गावाच्या नावाचा म मात्र या पडद्याला लिहिता येत नाही. असो.

आणि आत शिरल्यावर दुसऱ्या पाटीवर अम्मीने दोन ओळींत भरलेलं 'वालेकुम सलाम'. एकेक ओळ नऊ घरं उंच, दोन्ही मिळून अठरा, चोवीसात बसते. हमी नसल्याचा इंग्रजी मजकूर काढून टाकला.

राहिलं सलाम करणं. ते कसं करायचं, हे अब्बांच्या बोटांनीच आधी सांगून ठेवलं होतं. आम्ही त्यांचं खातं काढलं होतं ते 'अब्बा' या नावाने, रोमन अक्षरांत, आणि ती अक्षरं शोधण्यातच त्यांचा जीव जायचा. धाकट्याने खात्याचं नाव बदललं. नवं नाव इंग्रजीत वाचलं तर एम, एन, ई, सी. काही अर्थ नाही. पण इन्स्क्रिप्टच्या बोटांनी टाइप केलं तर ते 'सलाम' आहे. अब्बांना सांगितलं, ऑफिसात लिहायचात तसं सलाम लिहा आणि एंटर दाबा. त्यांनी बटणांकडे बघितलंसुद्धा नाही.

तरी पहिल्या दिवशी दारातून तीनदा परत आले. एकदा कॅप्स लॉक चालू होता. ऑफिसच्या सवयीने ते सगळं मोठ्या अक्षरांत लिहितात आणि लिनक्सला मोठं अक्षर आणि लहान अक्षर ही दोन वेगळी माणसं वाटतात. एकदा पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटेना, ताराही नाहीत, तेव्हा कीबोर्ड बिघडला समजून थांबले. बघणाऱ्याला पासवर्ड किती अक्षरी आहे हेही कळू नये म्हणून ते तसं ठेवलेलं असतं. आता उंबऱ्याच्या वर रोमन अक्षरांत मराठी ओळ आहे: पासवर्ड दिसत नाही, तरी लिहा. तिसऱ्यांदा मशीननेच बाहेर काढलं. नाव दिल्यापासून साठ सेकंदांत आत गेलं नाही तर ते दार लावून घेतं. अब्बा थेंब घालून आले होते, डोळे मिटून बसले होते, तोवर साठ सेकंद संपले. म्हाताऱ्या माणसाला दारात एक मिनिट द्यायचा, ही कुठली रीत? तो आकडाही एका फाइलीत असतो, आम्ही तिनशे केला.

पासवर्ड अब्बांनी स्वतः बदलला. धाकट्याने आज्ञा लिहून दिली आणि आम्ही तिघं पडवीत येऊन उभे राहिलो. आतून बटणांचा आवाज आला, एका दमात, न अडखळता, टाईपरायटरवर यायचा तसा. बहुतेक मराठीच शब्द असावा. खात्याचं नाव इथे छापायला त्यांची हरकत नाही. पासवर्ड आम्हाला माहीत नाही, अम्मीलाही नाही. उद्या गरज पडली तर काय, हा प्रश्न मधल्याने विचारला होता. अब्बांनी तो एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी बंद पाकिटात घातली, आणि पाकीट अम्मीच्या लोखंडी कपाटात कुराणशरीफच्या खालच्या खणात ठेवलंय. ते आम्ही उघडायचं केव्हा, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आम्ही आपापल्या गावी गेलो. जुलैत एकदा दिवसभर धो धो पाऊस होता, रात्री अब्बांचा फोन आला. म्हणाले, आज लाईट पाचदा गेली. आम्ही विचारलं, मग? म्हणाले, "मग काय, पाचदा सलाम केला, पाचदा जवाब आला." आणि मग, "तुमच्या अम्मीला सांगा, 'कु'चा उकार एक घर जास्त खाली गेलाय."

अम्मी बाजूलाच होती. तिचा आवाज फोनात ऐकू आला, "दिसला वाटतं! उद्या पोराला सांगून उसवते तो टाका."